पोळ्यानंतर विचारा

या, असे जवळ येऊन बसा. लांबून माझं बोलणं पोचत नाही, आणि ओरडून सांगण्यासारखा हा विषय नाही. त्याआधी ती खिशातली पुडी बाजूला ठेवा. कोणती म्हणून काय विचारता? आयुष्याची चांगली वर्षं मी लोकांच्या खिशांकडे बघण्यात घालवली आहेत. उजव्या खिशावर तो चौकोनी फुगवटा दिसतोय ना, तो रुमालाचा नसतो. आणि वहिनी, तुम्ही हसू नका. सकाळी मशेरी घेऊन मोरीपाशी बसता ते चहा गार होईपर्यंत उठत नाही, ते काय दातांसाठी? एवढे दात तरी राहिलेत का?

रागावलात? रागवा. माझी सगळी नोकरीच लोकांच्या रागावर चालली. मी लोकांना त्यांची व्यसनं विचारायचं काम करत होते. आता थांबले आहे, पण सवय जात नाही. लग्नात अक्षता टाकतानासुद्धा माझी नजर मांडवाच्या मागच्या बाजूला असते.

झालं असं की नगरच्या एका कॉलेजात शुभदा मॅडम मानसशास्त्र शिकवायच्या. माणूस दारू का धरतो, का सोडतो आणि सोडलेली पुन्हा का धरतो, हा त्यांचा विषय. त्यासाठी त्यांनी तिसगावच्या अंगाची आमची वाडी निवडली. का निवडली ते विचारू नका, गावाला तो मोठा मान वाटला होता. त्यांना घरोघर जाऊन प्रश्न विचारणारं कुणीतरी हवं होतं. मी सातवी शिकलेली. पुढचं सगळं वाचनालयातल्या पुस्तकांनी आणि लोकांच्या ओट्यांनी शिकवलं. सगळ्या घरांत माझा वावर स्वयंपाकघरापर्यंत, आणि बोलायला मला कारण लागत नाही. मॅडमनी एक दुपार माझ्याशी गप्पा मारल्या, म्हणजे मी मारल्या आणि त्यांनी ऐकल्या, आणि मला कामावर घेतलं. गावात मला सगळे आक्का म्हणतात, त्याही म्हणायला लागल्या.

आमचे मालक दारूला कधी शिवले नाहीत. त्यांना गप्प बसायचं व्यसन होतं. त्यावर मॅडमकडे इलाज नव्हता.

आता बाहेरच्या माणसासाठी धंदा समजावून सांगते. आम्ही गोळा केलेल्या उत्तरांचं पुढे काय व्हायचं? मॅडम त्यांचा शोधनिबंध करायच्या. तो इंग्रजीत कुठल्यातरी लांबच्या मासिकात छापून यायचा. प्राध्यापकांच्या जगात शोधनिबंध म्हणजे आपल्याकडच्या जमिनीसारखं असतं. किती आहे ते सगळे विचारतात, त्यात पिकतं काय ते कुणी विचारत नाही. प्रत्येकाची एक यादी असते. बढतीच्या वेळी ती यादी लांबीवर बघतात.

निबंधाचं नाव इतकं लांब, की वाचताना मधे पाणी प्यावं लागायचं. नावाखाली चार-पाच माणसं. पहिला तो, ज्यानं गाव पाहिलेलं नाही. हे म्हणजे त्यांचे विभागप्रमुख सर. सर गाडीतून यायचे आणि चप्पल मळायच्या आत परत जायचे. मी अगदी शेवटी, आभारात. तिथं मला ‘क्षेत्रीय सहायक’ म्हटलेलं असायचं. वाचून वाटायचं, लाईट गेल्यावर खांबावर चढणारा कुणी माणूस असेल. आणि ज्यांच्या जिवावर हे सगळं चाललेलं, त्यांना तर नावच नाही. ते सगळे ‘सहभागी’. आमच्या वाडीनं इतक्या वर्षांत दारूखेरीज कशात एवढा भाग घेतलेला मी पाहिला नव्हता.

प्रश्न विचारण्याची एक रीत असते. ‘दारू पिता का’ असं विचारायचं नाही. मग कुणीच पीत नाही. ‘कुणाबरोबर बसता’ असं विचारायचं, म्हणजे माणूस आधी मित्रांची नावं सांगतो आणि मग आपसूक स्वतः त्यांच्या शेजारी येऊन बसतो. सासू समोर असेल तर पाणी मागायचं. ती आत गेली की दोन प्रश्न उरकून घ्यायचे. ‘कधीमधी’ म्हणाला की रोज समजायचं. ‘अजिबात नाही’ म्हणाला की बायकोकडे बघायचं. ती पदर दातात धरून उभी असेल तर पुढचं विचारायची गरज नसते.

प्रश्न इंग्रजीतून मराठीत आणलेले. प्रवासात त्यांचे हाल झालेले. ‘गेल्या महिन्यात आपल्याला अपराधी वाटलं का?’ असा एक होता. एकानं शांतपणे विचारलं, “कुनाच्या बाबतीत?” आता याला कागदावर कुठं खूण करायची? ‘सकाळी उठल्याबरोबर आपल्याला कशाची गरज भासते?’ याला एकाचं उत्तर, “ती झोपलेली असावी याची.” एक गृहस्थ मॅडमसमोर बोलायला यायला इतके लाजले, की धीर यावा म्हणून पिऊनच आले. मॅडमनी त्यांना परत पाठवलं नाही. चहा दिला आणि उद्या या म्हणाल्या. उद्या ते तेवढाच धीर गोळा करून आले.

असं हसतखेळत चाललं होतं. मग एक वर्ष असं आलं की मॅडमचं हसू गेलं. त्यांच्या बढतीची मुलाखत दिवाळीनंतर ठरली होती. आधी दोनदा डावललेलं. मागाहून आलेले लोक लांबलचक याद्या घेऊन पुढे गेलेले. सरांनी स्पष्ट सांगितलं, आतापर्यंत तुम्ही नुसतं मोजलंत, आता उपचाराचा निबंध हवा. काहीतरी केलं आणि दारू सुटली, असं दाखवा. या वेळी हुकलं तर पुन्हा संधी नाही.

मग ग्रामपंचायतीच्या मागची खोली आम्ही झाडून घेतली. आमच्याकडची निम्मी माणसं दसरा झाला की ऊसतोडीला जातात आणि पाडव्यानंतर परततात. म्हणून वैशाखात नावं घेतली. जे रोजचे पिणारे, त्यांना आधी डॉक्टरांना दाखवून आणलं, कारण त्यांनी एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं. मग आषाढापर्यंत दर आठवड्याला बैठक. तलफ आली की काय करायचं, ती कशी चढते, थोडा वेळ काढला की कशी उतरते, घरी कसं बोलायचं, हे सगळं मॅडम समजावून सांगायच्या. बैठका संपल्या की थोडे दिवस जाऊ द्यायचे आणि मग घरोघर विचारायचं, गेल्या पंधरा दिवसांत घेतली का? मॅडमच्या कागदावर ही विचारपूस ऑगस्टच्या शेवटाला लिहिलेली होती.

या सगळ्यांत संपत होता. त्याचं तिसगावात मोटारी भरायचं दुकान. विहिरीवरची मोटार जळाली की तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची, असलं बारीक काम. पण त्याचा हात सकाळी थरथरायचा, आणि पोटात थोडी गेली की स्थिर व्हायचा. त्यामुळे त्याच्या दृष्टीनं दारू हे पान्ह्यासारखं एक हत्यार होतं. बैठकीला तो दाराशी बसायचा. बोलायचा कमी. त्याची बायको मंदा मला भेटली की एकच विचारायची, “आक्का, हुईल ना?” मी म्हणायचे होईल. दुसरं काय म्हणणार?

ऑगस्टचा शेवट आला. आम्ही घरोघर फिरलो, आणि काय सांगू! थेंब नाही. ज्याच्या अंगणातल्या कोंबड्याही झिंगलेल्या वाटायच्या, त्याच्या घरात थेंब नाही. बायका हसून दारात उभ्या. मॅडमच्या डोळ्यांत पाणी. त्या सोमवारी सरही गाडी घेऊन आले. तिघं माझ्या ओसरीवर जेवायला बसलो. मी भगर केली होती आणि शेंगदाण्याची आमटी. सरांनी आमटी दोनदा घेतली आणि म्हणाले, हा निबंध परदेशात जाईल. मॅडम म्हणाल्या, मला अजून खरं वाटत नाही. तिघांच्या पोटात उपासाची भगर, आणि तिघांतल्या एकालाही पुढचं सुचलं नाही. घरी माझं तिथीवर चालायचं आणि कामावर तारखेवर. या दोन्हींची कधी गाठच पडली नव्हती.

पुढच्या सोमवारी आमची मोटार जळाली, म्हणून मी संपतकडे गेले. तो तारेचे वेढे काढत होता. बोलता बोलता म्हणाला, “आक्का, तो कागद फुडं गेला का?”

“चाललाय. का रे?”

“त्यात माझी बी बंद झाली असंच हाय का?”

“आहे की. सगळ्यांचीच.”

त्यानं तार खाली ठेवली. “मंग जरा थांबव. पोळा हुंदे. पोळ्यानंतर इचार आमाला.”

“पोळ्याचा इथं काय संबंध?”

आम्ही जसं लोकांकडे बघायचो ना, अगदी तसं त्यानं माझ्याकडे बघितलं. आजारी माणसाकडे बघावं तसं. “आज वार कोनता?”

“सोमवार.”

“सकाळधरनं काय खाल्लंस?”

“भगर,” म्हटलं आणि बोटांवर तिथी मोजायला लागले.

“श्रावन हाय, आक्का. आमी दरसाल पाळतो. बा पाळायचा, आजा पाळायचा. तुमची खोली नव्हती तवा बी पाळायचे.”

“मग मी विचारलं तेव्हा बोलला का नाहीस?”

“तू इचारलंस गेल्या पंदरा दिसांत घेतली का. न्हाई घेतली. ह्यात खोटं कुटं हाय?”

खरंच कुठं होतं? आमच्याकडचा गडी आषाढाच्या अमावास्येला गटारी करतो, पोटभर पितो, पोटभर मटण खातो, आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर शिवत नाही. श्रावणाच्या अमावास्येला पोळा, तो झाला की दुसऱ्या दिवशी कर. करीला पुन्हा रस्सा आणि पुन्हा बाटली. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी त्याच गावात म्हातारी झालेली. पण हातात मॅडमचे कागद आले की मला गावही कागदातलंच दिसायचं.

मी विचारलं, “आता का सांगतोयस मग?”

संपतनं तार पुन्हा उचलली. “मंदीला वाटतंय सुटली. देवीला नारळ बोलून आली. आनि मला करीचं लई भ्या वाटतंय, आक्का.”

तिथूनच मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “आक्का, आज माझाही उपास आहे.” आणि हसल्या. पण ते हसू नव्हतं. पुढे म्हणाल्या, “मुलाखत दिवाळीनंतर आहे हो.”

  त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं. निबंध लिहून तयार होता. परदेशातल्या संपादकाला श्रावण काय कळणार होता? नुसता पाठवून द्यायचा आणि दिवाळीनंतर खुर्चीत बसायचं. सरांचं म्हणणं तेच पडलं. ते म्हणाले, आपण विचारलं तेव्हा बंद होती ना? मग झालं. म्हणजे सर आणि संपत एकाच मुद्द्यावर आलेले. फरक एवढाच, की संपतला त्यातली लबाडी टोचत होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. “कर कधी आहे?” एवढंच विचारलं.

कर उलटली आणि दोन दिवसांनी मॅडम एसटीनं आल्या. सरांना काम निघालं होतं. आम्ही पुन्हा त्याच दारांवर गेलो, तोच प्रश्न विचारला. लोक तितक्याच मोकळेपणानं म्हणाले, “घेतली की.” एकानं तर आम्हालाच विचारलं, करीला का आला नाहीत, रस्सा झकास झाला होता. काहींनी गणपती उठेपर्यंत ताणायचं ठरवलं होतं, पण त्यांचं बोलणं बघता बाप्पा दीड दिवसाचाच बसवायचा विचार दिसत होता. एक-दोन घरांत खरोखर बंद होती. बाकी सगळं पूर्ववत. मॅडमच्या हातातले कागद जाड होत होते आणि चेहरा बारीक.

शेवटी संपतचं घर. मंदा दारातच उभी होती. म्हणाली, करीच्या दिवशी दोस्त न्यायला आले होते, हा त्यांच्याबरोबर गेला आणि परत आला तो गुमान झोपला. तेव्हापासून जेवायलासुद्धा दुकानातून घरी येत नाही. तोंडाचा वास घ्यायचं धाडस तिला होईना. ती मला नेहमीचा प्रश्न विचारील असं वाटलं, पण तिनं विचारलं नाही. ते जास्त लागलं.

दुकानात गेलो तर तो वेढे काढत बसलेला. मी आधी हात बघितले. हात स्थिर. आमच्या धंद्यात स्थिर हात ही चांगली बातमी असते का वाईट, ते लगेच कळत नाही. महिनाभर बंद असली तरी हात सावरतो, आणि सकाळीच घेतली असली तरी सावरतो. मॅडमनीही हातच बघितले. दोघी उंबऱ्यातच थबकलो.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. त्याचा एक दोस्त गाडीवरूनच ओरडला, “चल की संप्या, समदे बसलेत.”

संपतनं मान वर केली नाही. “माझा श्रावन चालू हाय अजून.”

“भादवा लागला की रं येड्या.”

“तुझा लागला आसंल. माझा न्हाई लागला.”

दोस्त हसला. म्हणाला, बरं बाबा, संपला की सांग. आणि गाडी मारून गेला. ना त्यानं हात धरून ओढलं, ना शिवी दिली, ना ‘आमच्यापेक्षा मोठा झालास का’ म्हणाला.

मॅडम तारेच्या रिकाम्या रिळावर बसल्या. कागद मांडीखाली सारले. “संपतराव, हे तुम्ही काय केलंत?”

तो लाजला. “काय न्हाई मॅडम. करीच्या दिवशी गेल्तो त्यांच्यात. हातात गिलास बी दिला. त्वांडातून आपसूक निगालं, माझा श्रावन संपला न्हाई. समदे हासले आनि दुसऱ्यानं पिऊन टाकला.” मग जरा थांबून म्हणाला, “त्याचं काय हाय, सोडली म्हनलं की समदं गाव मोडाया बगतं. पैजा लावत्यात. तुमच्या खोलीत जातो म्हनलं की येडा झालाय म्हनत्यात. श्रावन म्हनलं की कोन बी घे म्हनत न्हाई. घे म्हननाऱ्याला पाप लागतं ना.”

“मग घरी का जात नाहीस?” मी विचारलं.

“मंदी इचारील, सुटली का. काय सांगू? सुटली म्हनायचं भ्या वाटतं. आजचा दीस श्रावन हाय, एवडंच सांगता येतंय.”

“तेवढंच सांग मग,” मॅडम म्हणाल्या. “तेवढं पुरेल तिला.”

तो दुपारी जेवायला घरी गेला. काय बोलला ते मला माहीत नाही. संध्याकाळी मंदा वाटीत गुळखोबरं घेऊन आली आणि माझ्या हातात ठेवून गेली. नारळ फुटला होता तर.

मॅडमनी पहिला निबंध बाजूला ठेवला आणि दुसरा लिहिला. त्यात सरळ लिहिलं, की आम्ही केलेल्या उपचारानं फारसं काही झालं नाही, आम्ही चुकीच्या महिन्यात मोजत होतो, आणि जो माणूस एक दिवस राहू शकत नाही तो श्रावणभर कसा राहतो हे बघायला हवं. सरांनी वाचला आणि यादीतून आपलं नाव काढायला सांगितलं. माझ्या आठवणीत सरांनी या विषयासाठी केलेलं हे सगळ्यात मोठं काम. नावाची जागा मोकळी झाली, तिथं मॅडमनी माझं घातलं. मी खांबावरून खाली उतरले.

आपल्याला जमलं नाही असं सांगणारा निबंध लवकर कुणी छापत नाही. तो गेला आणि परत आला, पुन्हा गेला आणि पुन्हा आला. एका परीक्षकानं तर विचारलं होतं, ‘श्रावण’ हा उपचार कुणी शोधला आणि तो किती काळ द्यावा लागतो? मॅडमनी मला ते वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी फोनवर इतक्या हसलो की शेजारीण बघायला आली. छापून येईपर्यंत मुलाखत केव्हाच होऊन गेली होती. मॅडमना ती जागा मिळाली नाही. ज्याला मिळाली त्याची यादी लांब होती. मॅडमना बढती पुढे मिळाली, पण ती वयानं, म्हणजे केस पिकतात तशी. याचं मला वाईट वाटतं. त्या कधी बोलून दाखवत नाहीत. पण त्यांच्या यादीतला सगळ्यात आखूड नावाचा निबंध तोच आहे, आणि घरी कुणी गेलं तर त्या तोच काढून दाखवतात.

आमच्या खोलीत त्यानंतर ‘सोडली’ हा शब्द बंद झाला. जो तो आपापला श्रावण धरायचा. सगळ्यांचा टिकला असं नाही, बऱ्याच जणांचा मोडला. संपतचाही एकदा मेव्हण्याच्या लग्नात मोडला. दुसऱ्या दिवशी मान खाली घालून आला, “आक्का, मोडला.” मी म्हटलं, एक उपास मोडला म्हणून माणूस पुढचा धरत नाही का? त्यानं धरला. एका वर्षी अधिक श्रावण आला तेव्हा गावात हाहाकार झाला. लोक मला येऊन विचारायचे, अधिकाचासुद्धा पाळावा लागतो का, का त्याला सूट आहे? संपत दुकानात बसून त्यांची कीव करायचा. त्याला काय, दोन असोत नाहीतर बारा.

तर असं सगळं. तुम्ही येतो येतो म्हणता आणि येत नाही. आता दिवाळी आहे, फराळ डब्यात आहे तोवर या. तिसगावच्या स्टँडवर उतरलात की आक्काचं घर कुणीही दाखवील. फक्त श्रावणाची वाट बघत थांबू नका. श्रावणात आमचं गाव पाहिलंत तर तुमचाही सरांसारखा समज व्हायचा. संपतच्या दुकानात मात्र कधीही या. तिथं बाराही महिने श्रावण असतो, आणि तो चहा फार गोड करतो.